बालवाडीतील कोरी पाटी

“बाई, मूल नुसते खेळते, पाटी तर कोरीच!” ही पालकांची तक्रार मी नित्य ऐकते. सकाळी बालवाडी सांभाळून दुपारी महाविद्यालयात येत असल्याने तिचा विचार येथे मांडते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; १९५७ साली ते कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागड्या मॉन्टेसरी साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे यांनी घेतली.

आमच्याकडेही चिंचोके व सागरगोटे निवडताना मूल वर्गीकरण शिकते. माती मळून, मणी ओवून बोटांत बळ येते. लेखनाची ती पूर्वतयारीच होय. तीन वर्षांच्या बोटांवर अक्षरे लादली, तर अक्षरांची गोडी लागण्याऐवजी धास्ती बसते.

अर्थात काम सोपे नाही. एकाला आई हवी, दुसऱ्याला शू लागलेली, तिसऱ्याने चौथ्याचा चिंचोका पळवलेला! परंतु आठवडाभर दाराशी मुकाट बसलेले मूल एके दिवशी “बाई, माझे जास्त!” म्हणून ओरडते, तेव्हा सारा शीण जातो. त्या तीन शब्दांत भाषा आहे, गणित आहे आणि धीरही आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानून खेळावर भर दिला आहे. पालकांनी पाटीआधी मुलाची बोटे पाहावीत, एवढीच विनंती.