हापशाच्या पाण्यातला दगड



माझ्या टेबलावर दगडाचे दोन तुकडे आहेत. एक लातूरजवळच्या एका विहिरीच्या खोदकामातला आहे : काळा, जड आणि बारीक पोताचा. दुसरा देगलूरकडचा आहे : गुलाबीसर करडा, खरबरीत आणि उन्हात धरला तर ठिकठिकाणी चमकणारा. लातूरहून उदगीरमार्गे देगलूरकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून नीट पाहिले, तर पुढे पुढे काळा दगड मागे पडतो आणि मोठमोठे गोलसर धोंडे दिसू लागतात. पहिला दगड बेसाल्ट, दुसरा ग्रॅनाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून बेसाल्ट तयार झाला. ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना आहे, दोनशे कोटी वर्षांपेक्षाही अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. तेथे बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याच्याखाली जुना स्फटिकी खडक लागला. म्हणजे लातूरच्या पायाखाली खोलवर जो जुना पाया झाकलेला आहे, तसाच नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, किनवट, बिलोली, देगलूर या बाजूंना, उघडा पडला आहे.

हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला पाण्याकडे वळायचे आहे आणि त्या पाण्याची सारी गोष्ट या दगडात आहे.

आता ग्रॅनाइटचा तुकडा हातात घ्या. भिंग असेल तर उत्तमच, नसले तरी चालेल. काचेसारखे अर्धपारदर्शक कण दिसतात, ती गारगोटी. पांढरट किंवा गुलाबी चपटे कण दिसतात, ते फेल्डस्पार. नखाने पापुद्रा निघेल असे काळे चकचकीत कण म्हणजे अभ्रक. तीन वेगळे पदार्थ शेजारी शेजारी बसले आहेत आणि ते डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. अशा पदार्थाला आपण मिश्रण म्हणतो.

गारगोटीचा एक कण वेगळा काढला आणि खलबत्त्यात कुटून त्याचे पीठ केले, तरी पिठाचा प्रत्येक कण गारगोटीच असतो. त्यात आता दोन पदार्थ डोळ्यांना दिसणार नाहीत. तरीही रसायनशास्त्रज्ञ सांगतो की त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन अशी दोन मूलद्रव्ये आहेत आणि तीही ठरलेल्या प्रमाणात : सिलिकॉनचा एक अणू, तर ऑक्सिजनचे दोन. हे झाले संयुग. सिलिकॉन मात्र कितीही कुटा, तापवा, आम्लात टाका, त्यातून दुसरे साधे द्रव्य निघत नाही, म्हणून ते मूलद्रव्य. आणि मूलद्रव्याचा ज्याला त्या मूलद्रव्याचे नाव देता येईल असा शेवटचा, सर्वांत लहान कण म्हणजे अणू.

आज ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत. पण गंमत अशी की माझ्या टेबलावरचे दोन्ही दगड, काळा आणि गुलाबी, मुख्यतः त्याच आठ मूलद्रव्यांचे बनलेले आहेत : ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. प्रमाण बदलले, मांडणी बदलली, की दगड बदलला. ज्वारीचे तेच पीठ आणि तेच पाणी, पण भाकरी वेगळी आणि आंबील वेगळी, तसेच काहीसे.

या आठांत न बसणारे एक मूलद्रव्य ग्रॅनाइटच्या अभ्रकात आणि इतर काही खनिजांत अल्प प्रमाणात दडलेले असते. त्याचे नाव फ्लोरीन. आपला आजचा विषय हाच.

एका मुलाचे दात

वीसेक वर्षांपूर्वी, नोकरीला नुकताच लागलो असताना, विज्ञानाचे प्रयोग दाखवायला मी किनवट तालुक्यातील एका शाळेत गेलो होतो. पुढे बसलेल्या एका मुलाच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते. मी सर्वांसमक्ष विचारले, "काय रे, दात घासतोस का नाही?" वर्ग हसला. तो मुलगा म्हणाला, "घासतो की सर. आमच्या वस्तीतल्या समद्यायचेच दात असे हायत." मी ते उत्तर कानाआड केले आणि स्वच्छतेवर पाच मिनिटे बोललो. भौतिकशास्त्राची एम.एस्सी. झालेल्या माणसाला एवढे सुचू नये की, एका वस्तीतल्या सगळ्यांचेच दात एकाच प्रकारे खराब होतात तेव्हा दोष ब्रशचा नसून सर्वांच्या समाईक अशा कशाचा तरी असणार! समाईक होता तो हापसा. त्या मुलाची माफी मागायची राहून गेली आहे.

आता फ्लोरीनचा स्वभाव पाहू. शुद्ध फ्लोरीन हा फिकट पिवळसर वायू आहे आणि सर्व मूलद्रव्यांत तो सर्वाधिक क्रियाशील आहे. त्याला संयुगातून सुटा करण्याच्या प्रयत्नात आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने अंथरुणाला खिळले, बेल्जियमचे लुयेत आणि फ्रान्सचे निकलेस हे प्राणास मुकले. अखेर १८८६ साली पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांना यश आले आणि त्यासाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या उपकरणाची नळी प्लॅटिनमची होती. पण तिची बुचे कशाची होती? फ्लोराइट नावाच्या दगडाची! या फ्लोराइटच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग फ्लोरीनच असतो. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला हा दगड सापडतो आणि तो तुम्ही खुशाल तळहातावर घेऊ शकता.

ज्या वायूने माणसे मारली, तोच निम्म्याने भरलेला दगड इतका शांत कसा? याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. फ्लोरीनच्या अणुकेंद्रात ९ प्रोटॉन असतात आणि भोवती ९ इलेक्ट्रॉन : आतल्या कक्षेत २, बाहेरच्या कक्षेत ७. बाहेरची कक्षा ८ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण होते. एकच कमी आहे आणि त्या एकासाठी हा अणू समोर येईल त्याच्यावर झडप घालतो. याउलट कॅल्शियमच्या अणूला बाहेरच्या कक्षेतले २ इलेक्ट्रॉन जड झालेले असतात. एका कॅल्शियमने दोन फ्लोरीनांना एकेक इलेक्ट्रॉन दिला, की तिघांचेही भागते. कॅल्शियमवर धन भार येतो, फ्लोरीनवर ऋण भार येतो आणि विरुद्ध भारांच्या आकर्षणाने ते स्फटिकात बांधले जातात. ७८ ग्रॅम शुद्ध फ्लोराइट घ्या, त्यात ४० ग्रॅम कॅल्शियम आणि ३८ ग्रॅम फ्लोरीन निघणार. दगड डोंगरगावचा असो की मेक्सिकोचा, प्रमाण बदलत नाही. म्वासाँ यांच्या बुचावर फ्लोरीन वायू का चालून गेला नाही, हे आता कळले ना? तेथील कॅल्शियमजवळ द्यायला काही उरलेच नव्हते.

एक इलेक्ट्रॉन मिळवून ऋणभारित झालेल्या फ्लोरीनला आपण फ्लोराइड म्हणतो. पाण्यात असतो तो फ्लोराइड, फ्लोरीन वायू नव्हे. वर्तमानपत्रातही या दोन शब्दांची गल्लत होते, तुम्ही करू नका.

दगडातून पाण्यात, पाण्यातून हाडांत

पावसाचे पाणी ग्रॅनाइटच्या भेगांतून खाली मुरते. वर्षानुवर्षे ते दगडाला लागून राहते आणि अभ्रक, फ्लोराइट यांसारख्या खनिजांतून फ्लोराइडचे कण थोडेथोडे सोडवून घेते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर तो फ्लोराइडला पुन्हा पकडतो आणि दोघे फ्लोराइट होऊन तळाशी बसतात, कारण फ्लोराइट पाण्यात फारच कमी विरघळतो. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, त्यात फ्लोराइड मोकळा हिंडतो. असे पाणी चवीला चांगले लागते, त्यात साबणाला फेस येतो, डाळही लवकर शिजते. म्हणून ज्या हापशाची बायका वाखाणणी करतात, नेमका तोच कधी कधी फसवा निघतो. बेसाल्टच्या भागात, उदाहरणार्थ लातूरकडे, ही अडचण सामान्यतः कमी आढळते. तेथे पाण्याचा तुटवडा हेच मोठे दुखणे.

येथे हापशालाही न्याय द्यायला हवा. पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा रोग पसरत असे, उघड्या पाण्यातून पटकी येत असे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतले गेले, झाकलेले पाणी मिळू लागले आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यात हापशाचा वाटा मोठा आहे. परंतु खोल बोअरचे पाणी दगडाच्या सहवासात अधिक काळ राहिलेले असते आणि ही गोष्ट तेव्हा पुरेशी ध्यानात घेतली गेली नाही.

किती फ्लोराइड चालतो? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये अवघे १५ ग्रॅम! इतक्या थोड्याने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. तर मग हिशेब करू. १९ ग्रॅम फ्लोराइडमध्ये ६०२ वर २१ शून्ये इतके कण असतात. २०० मिलिलिटरच्या पेल्यात १.५ च्या हिशेबाने ०.३ मिलिग्रॅम फ्लोराइड येतो. उत्तर येते सुमारे ९५ वर १७ शून्ये. एका पेल्यात!

हे कण शरीरात कोठे जातात? हाडांत आणि दातांत कॅल्शियम, फॉस्फरस व ऑक्सिजन यांचे एक संयुग असते. त्या स्फटिकात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची एक ठरलेली जागा असते. या जोडीवर एक ऋण भार असतो. फ्लोराइडवरही एकच ऋण भार असतो आणि त्याचे आकारमानही जवळपास तेवढेच. भिंतीतली एक वीट काढून त्याच मापाची दुसरी बसवावी, तसा तो त्या जागेत बसतो. थोडा बसला तर दाताचे कवच आम्लाला अधिक दाद देत नाही, म्हणून टूथपेस्टमध्ये तो मुद्दाम घालतात. पण अति तेथे माती. लहानपणी हिरडीच्या आत दात घडत असतानाच फ्लोराइड जास्त मिळाला, तर ते कवच नीट घडत नाही, सच्छिद्र राहते आणि पुढे तपकिरी रंग धरते. तो डाग दातावर लागलेला नसतो, दाताच्या घडणीतच असतो. घासून जाणार कसा? त्याहून जास्त फ्लोराइड अनेक वर्षे पोटात गेला, तर हाडे आणि सांधे आखडतात, मान वळत नाही, कंबर वाकते.

जंतू आणि अणू

"मग पाणी उकळून प्यावे," असे वर्गात कोणीतरी हमखास म्हणतो. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. जंतू म्हणजे कोट्यवधी अणूंची गुंतागुंतीची बांधणी. उष्णतेने बांधणी विस्कटली, की जंतू संपला. त्याचे अणू मात्र तसेच उरतात. फ्लोराइडमध्ये विस्कटायला बांधणीच नाही, तो एकच अणू आहे. त्याला फ्लोरीनपणापासून हटवायचे तर त्याच्या केंद्रातील ९ प्रोटॉनांना हात घालावा लागेल. ते काम चुलीचे नाही, कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचे आहे. उलट उकळण्याने काय होते ते पाहा. लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले ३ लिटर पाणी घेतले, तर त्यात ६ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. उकळून २ लिटर उरले. वाफ होऊन गेले ते पाणी. ६ मिलिग्रॅम भांड्यातच राहिला. प्रमाण झाले लिटरला ३! फडक्याने गाळणे, ब्लीचिंग पावडर टाकणे, यांचाही फ्लोराइडवर परिणाम होत नाही.

अणू मारता येत नसेल, तर त्याला बाजूला काढणे एवढेच हाती उरते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९७० च्या दशकात यासाठी एक साधी पद्धत काढली. नलगोंडा जिल्ह्याच्या नावावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पाण्यात चुना आणि तुरटी मोजून टाकायची आणि ढवळायचे. तुरटीतील ॲल्युमिनियमपासून कापसासारखे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटतो आणि पुंजके तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे. मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते. अंदाजाने तुरटी फिरवून हे साधत नाही. शिवाय खाली बसलेल्या गाळात तो सगळा फ्लोराइड आहेच. गाळ हापशाच्या ओट्याशेजारी ओतला, तर तो पुन्हा जमिनीत मुरायला मोकळा. शक्य असेल तेथे नदी-तलावाचे शुद्ध केलेले नळाचे पाणी किंवा छपरावरचे साठवलेले पावसाचे पाणी पिण्यापुरते वापरणे अधिक सोपे पडते, कारण ते दगडाच्या संगतीत फार राहिलेले नसते.

आता एक काम करा. दोन स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत चार चमचे पावसाचे पाणी, दुसरीत तेवढेच हापशाचे पाणी घाला आणि ऊन लागेल अशा जागी जाळीखाली ठेवा. पाणी आटल्यावर दुसऱ्या ताटलीत पांढरट कडे उरेल. तोच तुमच्या गावाखालचा विरघळलेला दगड. मात्र त्यात फ्लोराइड किती आहे, हे डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. त्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. काचेची नको, कारण फ्लोराइडची काचेशी क्रिया होऊ शकते. शिक्षकांमार्फत ती जिल्ह्यातील पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. बाटलीवर गाव, हापशाची नेमकी जागा आणि तारीख लिहायला विसरू नका, कारण एकाच गावातील दोन हापशांचे आकडे वेगवेगळे येऊ शकतात.