विहिरीचें पाणी आणि प्रयोगशाळेची परीक्षा

शेतकरी बैल विकत घेतांना त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो व चालवूनहि पाहतो. बियाणें पेरण्यापूर्वीं मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहतो. परंतु ज्या पाण्यावर आपलें कुटुंब, जनावरें व मळा अवलंबून आहे, त्याची परीक्षा मात्र तो डोळ्यानें व जिभेनेंच करून समाधान मानतो. नितळ व गोड तें चांगलें, हा समज अपुरा आहे. पाण्यांतील कित्येक घातक दोषांना रंग, वास व चव यांपैकीं कांहींच नसतें. ते ओळखण्याचें काम प्रयोगशाळेचें आहे.

प्रयोगशाळा कोठें आहेत ?

या शास्त्राची आपल्या देशांतील प्रमुख सरकारी संस्था महाराष्ट्रांतच, नागपूर येथें आहे. १९५८ सालीं ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नांवानें निघाली. १९७४ सालीं तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हें नांव मिळालें. लोक तिला ‘नीरी’ म्हणतात. पाणी, हवा, सांडपाणी व कचरा यांविषयीं नव्या रीती शोधून काढणें हें तिचें कार्य. नेहमींच्या तपासणीसाठीं मात्र नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यानें नागपूर गांठण्याची जरूरी नाहीं. पिण्याच्या पाण्यासाठीं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. माती व ओलिताचें पाणी यांसाठीं कृषि खात्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळा आहेत.

तेथें चालणारें काम समजण्यास कठीण नाहीं. पाण्यांतून वीज किती सहज वाहते हें एक यंत्र दाखवितें. त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. जडपणा मोजतांना औषधाचे थेंब सोडतात व लालसर पाणी निळें होतांच थांबतात. जितके थेंब लागले तितका जडपणा. दुसऱ्या एका यंत्राच्या ज्योतींत पाण्याचा फवारा सोडतात. सोडियम असल्यास ज्योत पिवळी होते व त्या पिवळेपणावरून त्याचें प्रमाण कळतें. जंतूंच्या परीक्षेसाठीं पाणी पोषक द्रवांत मिसळून ३७ अंश उष्णतेंत एक-दोन दिवस ठेवतात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यांत विष्ठेंतील जंतु मुळींच आढळतां कामा नयेत, असा नियम आहे.

आपल्या भागांतील धोका

लातूर जिल्हा व नांदेडचा पश्चिम भाग काळ्या पाषाणावर आहे. पूर्वेकडे देगलूर, बिलोली, मुखेड, किनवट या बाजूस कणखर ग्रॅनाइट खडक वर येतो. अशा खडकांतील कांहीं खनिजांत फ्लोराईड असतें. पाणी खोल भेगांत दीर्घ काळ साचून राहिलें म्हणजे तें हळूहळू पाण्यांत उतरतें. किनवट तालुक्यांतील कांहीं गांवांच्या पाण्यांत तें अधिक आढळलें आहे.

उथळ विहिरीचें पाणी दर पावसाळ्यांत पुष्कळसें बदलतें. खोल कूपनलिकेचें पाणी जुनें असतें. दुष्काळांत आपण अधिकाधिक खोल जातों. १२ एप्रिल १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें सर्वांस स्मरत असेल. म्हणून कूपनलिका नवी घेतली किंवा जुनी आणखी खोल केली, कीं पाणी पुन्हा तपासलें पाहिजे. कालचा दाखला आजच्या पाण्यास लागू पडत नाहीं.

पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड ठीक. दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालतें. त्याहून अधिक असल्यास लहान मुलांच्या घडत्या दांतांवर पांढरे व तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असून वर्षानुवर्षें तेंच पाणी पोटांत गेलें, तर सांधे व कणा ताठरतात. हाडांची ही विकृति एकदां जडली कीं पूर्ववत् होत नाहीं. म्हणून आधीं ओळखणें हाच उपाय. पाणी उकळून फ्लोराईड जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

यावर नीरीनें शोधलेली रीत ‘नळगोंडा पद्धति’ या नांवानें प्रसिद्ध आहे. पाण्यांत चुना व तुरटी घालून प्रथम जोरानें व मग सावकाश ढवळतात, आणि सुमारें एक तास निवळूं देऊन वरचें पाणी काढून घेतात. तुरटी किती घालावी हें पाण्यांतील फ्लोराईड व अल्कता यांवर ठरतें. अंदाजानें घालूं नये. तळचा गाळ विहिरीजवळ किंवा शेतांत टाकूं नये. जवळपास निर्दोष पाण्याची विहीर असल्यास पिण्यास तेंच आणणें उत्तम.

नायट्रेट हा दुसरा अदृश्य दोष. त्याची मर्यादा दर लिटरास ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीलगतचा उकिरडा, शौचकूप व अवाजवी युरिया यांपासून तें पाण्यांत येतें. वरच्या दुधावरील तान्ह्या मुलांस त्यापासून विशेष भय असतें.

ओलिताचें पाणी

क्षारतेचा आंकडा ०.७५ च्या आंत असल्यास बहुतेक पिकांस धोका नाहीं, २.२५ च्या वर गेल्यास सामान्य पिकांस तें पाणी देऊं नये. सोडियमयुक्त पाण्यानें काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाहीं व ढेकळें फुटत नाहींत. अशा वेळीं जिप्सम किती घालावा हें मातीच्या तपासणीवरूनच ठरवावें.

नमुना कसा घ्यावा ?

प्रयोगशाळा कितीहि चांगली असली तरी ती बाटलींतील पाण्याचीच परीक्षा करते. तेलाच्या किंवा औषधाच्या बाटलींत पाणी नेल्यास दाखला खोटाच येणार.

१. पंप आठ-दहा मिनिटें चालूं द्यावा. नळींत साठलेलें पाणी घेऊं नये.

२. रासायनिक तपासणीसाठीं एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानें तीनदां खळबळून कांठोकांठ भरावी.

३. जंतुपरीक्षेची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेंतूनच आणावी. ती खळबळूं नये, बुचाच्या आंतील बाजूस बोट लावूं नये व वर थोडी जागा मोकळी ठेवावी. ती बर्फांत ठेवून त्याच दिवशीं, निदान २४ तासांचे आंत पोंचवावी.

४. बाटलीवर गांव, गट क्रमांक, विहिरीची खोली, तारीख व पाण्याचा उपयोग लिहावा.

वर्षांतून दोनदां, पावसाळ्यानंतर व भर उन्हाळ्यांत, नमुना द्यावा. दोन्ही दाखले सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावे. चार-पांच वर्षांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे आपली विहीर सुधारते आहे कीं बिघडते आहे हें घरच्या घरीं कळेल. आणि मुलांच्या दांतांवर डाग दिसण्यापूर्वीं व मळा चोपण होण्यापूर्वीं उपाय योजतां येईल.