वही आपली, शब्द आपले

आपण अक्षरे शिकलो. सही करू लागलो. पण लिहायचे काय? आपल्यातल्या काही बाया म्हणतात, "आम्ही काय लिहिणार बाई! आमचं आयुष्य ते काय!" त्यांच्यासाठी ही खरी हकीकत.

बेबी हालदार या बंगालच्या. शाळा अर्धवट सुटली. बाराव्या वर्षी लग्न झाले. नवरा मारहाण करी. तीन मुले झाली. शेवटी १९९९ साली मुलांना घेऊन त्या आगगाडीत बसल्या आणि दिल्लीकडे आल्या. जवळच गुडगावला लोकांची धुणीभांडी, झाडलोट करू लागल्या.

तिथे प्रबोध कुमार नावाचे निवृत्त प्राध्यापक राहत. पुस्तकांवरची धूळ पुसताना बेबीताईंचा हात रेंगाळतो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी आधी वाचायला पुस्तक दिले. मग वही आणि पेन दिले, आणि स्वतःचे आयुष्य लिहायला सांगितले. बेबीताई रात्री काम आटोपून, मुले निजल्यावर लिहीत. अक्षरे चुकत, पण लिहिणे थांबले नाही. त्याचे 'आलो आंधारि' हे पुस्तक झाले. ते २००२ साली हिंदीत छापले गेले, पुढे इतर भाषांतही गेले.

या पुस्तकात त्या कधी 'मी' म्हणतात, कधी 'बेबी' म्हणतात. आपणही तसे करावे. 'मला मारलं' असे लिहिताना हात थरथरला, तर 'तिला मारलं' असे लिहावे. मनात कोंडलेले कागदावर उतरले, म्हणजे ते जरा लांबून पाहता येते. मग कळते की, चूक तिची नव्हती.

लिहिणे जड वाटले, तर फोटो काढावा. १९९० नंतर चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले होते. त्यांनी आपले रोजचे जगणे टिपले आणि ते फोटो अधिकाऱ्यांना दाखविले. आपल्याला चेहरा किंवा जखम दाखवायलाच हवी असे नाही. दाराची कडी, विझलेली चूल, नव्या खोलीची किल्ली, यांचा फोटो घ्यावा. खाली दोन ओळी लिहाव्या.

मात्र सावध राहावे. मारणारा घरातच असेल, तर वही घरी ठेवू नये. फोन तो पाहत असेल, तर फोटोही त्यात ठेवू नये. विश्वासातल्या बाईकडे ठेवावे. आपली वही कुणाला दाखवायची, हे आपणच ठरवावे. कुणी बळजबरी करू नये.

आणि हेही ध्यानात ठेवावे. मार खाणे हे नशीब नव्हे. २००५ साली घरगुती हिंसेविरुद्ध कायदा झाला. मारहाण, शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणे, हे सारे त्यात येते. आपल्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ या क्रमांकावर फोन करून मदत मागता येते. तक्रार करताना तारीखवार लिहिलेली वही उपयोगी पडते.

सही करता आली, की कागदावर आपले नाव येते. हकीकत लिहिता आली, की आपले म्हणणे येते.

सांगा पाहू
१. बेबीताई केव्हा लिहीत?
२. वही कुठे ठेवू नये? का?

लिहा
आपल्या घरातली एक वस्तू निवडा. तिने काय काय पाहिले, ते पाच ओळींत लिहा. वाचून दाखवायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.