मोलकरी की मेंढपाळ?

आजचा उतारा : योहान १०:११-१३

लांडगा येईपर्यंत मोलकरी आणि मेंढपाळ सारखेच दिसतात. फरक नंतर कळतो.

पाब्लो त्रापेरोच्या 'एलेफान्ते ब्लांको' (२०१२) या अर्जेंटिनी चित्रपटातले तरुण फादर निकोलास जंगलातल्या हत्याकांडातून वाचलेत. लोक मेले, आपण उरलो, ही बोच घेऊन ते बुएनोस आइरेसच्या झोपडपट्टीत येतात. अर्धवट सोडलेल्या प्रचंड हॉस्पिटलच्या सांगाड्याभोवतीची ही वस्ती. तिथले फादर हुलियान आजारी आहेत. आपल्यामागे वस्ती सांभाळणारं कुणीतरी त्यांना हवंय. ड्रग्ज, टोळ्या, पोलीस, रखडलेली घरं. चमत्कार एकही नाही.

चित्रपट ज्यांना वंदन करतो ते फादर कार्लोस मुहिका खरेखुरे. तिथल्याच गरीब वस्तीत त्यांनी सेवा केली. ११ मे १९७४ ला मिस्सा संपवून बाहेर पडताच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

मग एकदा जीव वाचवलेला माणूस कायमचा मोलकरीच का? याच शुभवर्तमानाचा २१वा अध्याय उघडा. प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राच्याच हाती येशू मेंढरं सोपवतो. कालचा हिशोब नाही मागत, फक्त प्रेम आहे का विचारतो.

आज स्वतःला विचारू या : अवघड झालं म्हणून मी कुणाला सोडून निघालोय? प्रभू, थांबायचं बळ दे. आमेन.