शहामृगाचा उडणारा नातलग

प्रश्न : शहामृग, एमू, किवी यांच्या नात्यातला टिनामू मात्र उडू शकतो, असं वाचलं. दिसायला तर तो तितरासारखा! मग हे नातं कसं?

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका. तितर कोंबडीच्या गोतातला. टिनामूच्या टाळूच्या हाडांची ठेवण मात्र शहामृगासारखी. उदाहरणादाखल युड्रोमिया ही प्रजातीच घेऊ. तिच्यात दोनच जाती आहेत. डोक्यावर बाकदार तुरा मिरवणारी एक अर्जेंटिना आणि चिलीच्या कोरड्या, झुडपी माळरानांत राहते, अगदी पातागोनियापर्यंत. दुसरी पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनातल्या चाको प्रदेशात.

हे पक्षी उडतात, पण नाइलाज झाला तरच. उड्डाणाचे स्नायू जिथे जोडले जातात तो छातीच्या हाडाचा कणा शहामृगाला नसतो, टिनामूला असतो. स्नायूही दणकट. अडचण हृदयाची! शरीराच्या मानाने टिनामूंचं हृदय पक्ष्यांमध्ये सर्वांत लहान गणलं जातं. त्यामुळे थोडं अंतर फडफडत, तरंगत गेलं की दम संपतो. मग पायच कामाला येतात. युड्रोमियाच्या पायाला मागचं बोटही नसतं, पुढची तीनच.

गंमत पुढेच आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात टिनामूंचा सर्वांत जवळचा नातलग निघाला तो न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ. ज्याला पंखांची हाडंसुद्धा नव्हती! म्हणजे सगळ्यांच्या एकाच पूर्वजाने उडणं सोडलं आणि टिनामूने ते पुन्हा कमावलं, असं मानण्याचं कारण नाही. पूर्वज उडणारे होते. शहामृग, मोआ वगैरेंनी आपापल्या मुलखात वेगवेगळं उडणं सोडलं, हेच अधिक पटतं. टिनामूने ते सोडलं नाही, एवढंच.

संसाराची रीतही शहामृगापेक्षा त्याच्याच नात्यातल्या रिया आणि एमू या पक्ष्यांशी जुळणारी. जमिनीवरच्या घरट्यात एकाहून अधिक माद्या अंडी घालून निघून जातात, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराच्या गळ्यात. अंडी मात्र बघत राहावीत अशी : हिरवी आणि झिलई दिलेल्या चिनी मातीसारखी चकचकीत. कवचावरचा बाहेरचा थर कमालीचा गुळगुळीत असल्याने ही चकाकी येते.

भारतात टिनामू आढळत नाहीत. इंटरनेटवर फोटो शोधणार असाल, तर पक्ष्याआधी अंड्यांचा शोधा.