सतोपंथ सरोवर : स्वर्गारोहणाच्या वाटेवरील तीर्थ

श्रीबद्रीनाथांचे दर्शन झाल्यावर बहुतेक यात्रेकरू तीन कि.मी. वरील माणा गावी जातात, व्यासगुंफा, गणेशगुंफा आणि सरस्वतीवरील भीमपूल पाहून माघारी फिरतात. काही थोडे भाविक मात्र अलकनंदेच्या काठाने पश्चिमेस, तिच्या उगमाकडे चालू लागतात. त्यांचे गंतव्य म्हणजे सतोपंथ सरोवर होय. बद्रीनाथपासून हे अंतर सुमारे २५ कि.मी. असून सरोवराची उंची समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे.

सरोवर त्रिकोणी आहे. त्याच्या तीन कोनांवर ब्रह्मा, विष्णू व महेश एकादशीस स्नानास येतात, अशी श्रद्धा आहे. पाण्यात काडी वा पान पडले तर पक्षी ते उचलून नेतात, असेही माणावासी सांगतात.

पांडवांचे महाप्रस्थान याच वाटेने झाले, अशी परंपरा आहे. महाभारताच्या सतराव्या, म्हणजे महाप्रस्थानिक पर्वात पतनाचा क्रम स्पष्ट दिला आहे : प्रथम द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. कोण कोठे पडले हे सांगताना मात्र स्थानिक कथांत एकवाक्यता नाही. लक्ष्मीवन, सहस्रधारा, चक्रतीर्थ या मुक्कामांशी ही नावे निरनिराळ्या प्रकारे जोडली जातात. त्या प्रवासात युधिष्ठिराने मागे वळून पाहिले नाही, कारण ते परतीचे प्रस्थान नव्हते. आजच्या यात्रेकरूस परत यायचे असते. म्हणून त्याने मागे पाहिलेच पाहिजे, आणि तेही वारंवार, कारण या वाटेवरील खरे संकट बहुधा मागे पडलेल्या सोबत्याच्या रूपानेच प्रथम दिसते.

त्याचे कारण विरळ हवा हे आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. बद्रीनाथची वस्तीच जवळजवळ त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. सरोवराशी पोहोचेपर्यंत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत साठ टक्क्यांहूनही कमी होतो. शरीर याची सवय करून घेते, परंतु सावकाश. हरिद्वारहून मोटारीने दोन दिवसांत बद्रीनाथ गाठून तिसऱ्या दिवशी पुढे निघणाऱ्यास तो अवधी मिळत नाही. बद्रीनाथ येथे किमान दोन रात्री राहावे आणि तेथून पुढे झोपण्याची जागा दररोज सुमारे पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे होत. ती दिसताच त्याच जागी थांबावे व बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. चाल अडखळू लागली, बोलण्यात असंबद्धता आली, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यातून फेस येऊ लागला, तर रात्र असली तरी रोग्यास सोबतीने खाली उतरवावे. प्राणवायूची नळकांडी व औषध यांनी थोडा वेळ मिळतो, पण खरा उपाय खाली उतरणे हाच. अशा रोग्याला ‘तू येथेच बस, आम्ही दर्शन घेऊन येतो’ असे म्हणणे हा घातच होय. तरुण व धडधाकट माणसासही हा विकार होतो. किंबहुना तोच अधिक भरभर चालतो.

वाट पहिल्या दिवशी सोपी आहे. माता मूर्तीच्या मंदिरावरून कुरणांतून लक्ष्मीवनास जाता येते. तेथे भूर्जवृक्ष आहेत, आणि नदीपलीकडे वसुधारेचा प्रपात दिसतो. जवळच अलकापुरी. सतोपंथ व भगीरथ खडक या दोन हिमनद्यांच्या मुखातून अलकनंदा येथे बाहेर पडते. पुढे सहस्रधारा व चक्रतीर्थ. चक्रतीर्थानंतर हिमोढ लागतो, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध. पायाखाली दगड दिसतात, पण त्यांच्या खाली कोठे कोठे बर्फच असतो, आणि तो वितळून वाट वरचेवर बदलते. म्हणून माणाचा वाटाड्या सोबत हवाच. हिमोढ व डोंगर यांमधील खळग्यात हिमाचे पाणी साठून सरोवर झाले आहे. वर चौखंबा (७,१३८ मीटर) व स्वर्गारोहिणीची हिमशिखरे उभी आहेत.

एकच पुजारी एकाच दिवशी केदार व बद्री या दोन्ही मंदिरांत पूजा करी, अशी जुनी आख्यायिका आहे. सरळ रेषेत ही अंतरे ४० कि.मी.च्या आसपास. एरिक शिप्टन व बिल टिलमन हे इंग्रज गिर्यारोहक १९३४ साली तीन शेर्पांसह सतोपंथ हिमनदीवरून तो डोंगर ओलांडून गेले. पलीकडच्या अरण्यात त्यांचे अन्न संपले आणि बांबूचे कोंब खाऊन दिवस काढावे लागले. एका दिवसाची गोष्ट श्रद्धेचीच मानावी.

त्याच डोंगरापलीकडे केदारनाथच्या वर चोराबारी ताल होता. १७ जून २०१३ रोजी सकाळी अतिवृष्टीने भरलेल्या त्या तलावाचा हिमोढाचा बांध फुटला आणि पाणी व दगड केदारपुरीवर कोसळले. असे बांध सैल असतात. सतोपंथाच्या काठच्या कडांवर जाऊ नये, उताराच्या पायथ्याशी तंबू ठोकू नये, पाऊस लागून राहिल्यास मुक्काम हलवावा. जूनचा पूर्वार्ध व सप्टेंबर हे दिवस त्यातल्या त्यात बरे.

सरोवराचे पाणी गोठण्याच्या बेतात असते. थकल्या शरीराने बुडी घेणे धोक्याचे आहे. आचमन व प्रोक्षण पुरेसे मानावे. साबण, निर्माल्य, प्लॅस्टिक पाण्यात जाऊ देऊ नये. हेच पाणी अलकनंदेतून पुढे देवप्रयागी गंगा होते. पिंडदान बद्रीनाथ येथे ब्रह्मकपालावरच करावे.

माणाच्या पुढे धर्मशाळा, दुकान वा दवाखाना नाही, व भ्रमणध्वनीवर विसंबता येत नाही. शासकीय परवानगी, तंबू, शिधा व उबदार कपडे यांची तजवीज निघण्यापूर्वीच करावी. परतण्याचा दिवस बद्रीनाथच्या निवासस्थानी लिहून ठेवावा, आणि त्यात एक दिवस जास्तीचा धरावा.