रमणबागेचे मैदान

आपल्या मालेगावात सप्ताह बसला म्हणजे मांडव पडतो. सतरंज्या अंथरतात. भोंगा चढतो. शेजारच्या खेड्यांतली माणसेही रात्री कीर्तनाला येऊन बसतात. असाच, पण फार मोठा, गाण्याचा मांडव पुण्यात एका शाळेच्या मैदानावर पुष्कळ वर्षे पडत होता. त्या शाळेला रमणबाग शाळा म्हणतात. एरवी तिथे पोरे खेळायची. डिसेंबरात मात्र थोडे दिवस ते मैदान गाण्याचे होई.

हे कसे झाले ते ऐका.

कर्नाटकात धारवाडच्या बाजूला कुंदगोळ नावाचे गाव आहे. तिथले रामभाऊ कुंदगोळकर मोठे गवई. जन्म १८८६ चा. अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते शिष्य. मराठी संगीत नाटकांतही त्यांनी कामे केली. लोक त्यांना 'सवाई गंधर्व' म्हणू लागले. गंधर्व म्हणजे देवांचा गवई आणि सवाई म्हणजे सव्वापट! ही पदवी आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीला, दादासाहेब खापर्डे यांनी दिली असे सांगतात.

भीमसेन जोशी हे त्यांचे शिष्य. भीमसेन मूळचे गदगचे. गाण्याच्या वेडापायी अकराव्या वर्षी घरातून पळाले. गुरू शोधत ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकले. शेवटी गुरू सापडला तो घराजवळच, कुंदगोळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! गुरूच्या घरी त्यांनी पाणी भरले आणि गाणे शिकले.

१९५२ साली सवाई गंधर्व पुण्यात वारले. पुढच्या वर्षी, १९५३ साली, भीमसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी गुरूची पुण्यतिथी गाऊन साजरी केली. पुढे दर वर्षी ती होऊ लागली. ऐकणारे वाढत गेले. सभागृह पुरेना. मग उघड्या मैदानाचा शोध सुरू झाला. जागा बदलल्या आणि अखेर रमणबाग ही उत्सवाची जागा ठरली.

हजारो माणसे तिथे बसत. मागे खुर्च्या, पण खरी गंमत पुढे जमिनीवरच्या बैठकीत. तिचे तिकीटही कमी. पुण्याची थंडी, अंगावर घोंगडी नाहीतर शाल आणि रात्रभर गाणे. रात्रभर का? तर आपल्या संगीतात रागाला वेळ असते. मालकंस रात्री उशिराचा, तोडी सकाळची. मैफल पहाटेपर्यंत चालली तरच हे राग आपापल्या वेळी ऐकायला मिळतात. शेवटी भीमसेन गात. मग सवाई गंधर्वांची जुनी भैरवी तबकडीवरून ऐकवत. गुरू जाऊन इतकी वर्षे झाली, तरी शेवटचा आवाज गुरूचा. हा रिवाज मला फार आवडतो.

पण मैदानाला भिंती नसतात. आवाज बाहेर जातो. मांडवात बसलेला हौसेने जागतो. शेजारच्या घरातला आजारी माणूस नाइलाजाने जागतो. त्याला तोडी काय आणि मालकंस काय!

एकदा तर फार वाईट घडले. एका मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडत होती, पण भोंग्याच्या गोंगाटात तिची हाक कोणाला ऐकू गेली नाही. ही बातमी वाचून एका इंजिनियरने १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २००० साली केंद्र सरकारने आवाजाचे नियम केले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावायचा नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांततेचा म्हणून जाहीर करू शकते. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. २००५ साली न्यायालयाने हे नियम उचलून धरले.

मुंबईत धोबीतलावाजवळ रंगभवन नावाचे सरकारी खुले नाट्यगृह आहे. १९७८ साली तिथे जॅझ संगीताचा मोठा मेळा भरला होता. परदेशचे नामांकित वादक आले होते. पण शेजारी कामा रुग्णालय आणि कॉलेज. नियम आले आणि तिथले गाणे बंद पडले.

रमणबागेतले गाणे बंद पडले नाही, पण रात्र तुटली. दुपारी सुरू करून दहाला आटोपायचे, एखाद्या दिवशी सूट मिळाली तर बारापर्यंत. मध्यरात्रीनंतरचे राग मैदानातून गेले. गाणाऱ्यांना आणि जुन्या रसिकांना याची हळहळ वाटली. ती खोटी नव्हे. पण माझ्या मते आजाऱ्याच्या झोपेचे पारडे जड आहे.

२०११ साली भीमसेन गेले. उत्सवाला गुरूच्या नावापुढे शिष्याचेही नाव लागले. २०१८ साली मांडव रमणबागेतून हलला आणि पुण्यातच मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर पडला.

हा नियम पुण्या-मुंबईपुरता नाही बरं का. मालेगावच्या सप्ताहाला, लग्नाच्या वरातीला, गणपतीलाही तोच लागू आहे. भोंगा लावायचा तर दिवसासुद्धा आधी लेखी परवानगी काढावी लागते. रात्री दहानंतर गायचे असेल, तर दारे असलेल्या बंद सभागृहात गावे. मालकंस आता बहुधा तिथेच ऐकायला मिळतो. तिथे मैदानाइतकी माणसे मावत नाहीत.